आधी अंधार मोजा: अतिमंद उजेड टिपणारे सेमीकंडक्टर सेन्सर, खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

एक पिकोवॅट (वॅटचा एक लाख कोटीवा भाग) हिरवा उजेड म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख फोटॉन. ऐकायला आकडा दांडगा वाटतो. पण एवढा सगळा उजेड साध्या सिलिकॉन फोटोडायोडवर पडला, तरी त्यातून मिळणारा प्रवाह असतो जेमतेम ०.३५ पिकोअँपिअर. आपल्याकडचा नेहमीचा मल्टिमीटर २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर जो सर्वांत लहान आकडा दाखवतो, तोच याच्या काही लाख पट मोठा असतो. म्हणजे उजेड आहे, सेन्सरला तो दिसतोही आहे, पण वाचायची सोय नाही. ती सोय घरच्या घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये कशी करायची, ते इथे सांगतो. सोल्डरिंग येत असेल आणि ओहमचा नियम पक्का असेल, तर बाकीचं जमतं.

जळगाव-धुळ्याकडची मुलं पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात: सगळ्यांत सेन्सिटिव्ह सेन्सर कोणता? माझ्या मते विचारायचं ते वेगळं. सेन्सर मिट्ट काळोखात ठेवला तर तो किती खोटं बोलतो? मंद उजेडाच्या कामात सगळी झुंज या खोट्या सिग्नलशी, म्हणजे डार्क करंट आणि नॉईजशी असते. आणि तापलेल्या गावात ती झुंज दुप्पट-चौपट अवघड होते.

उन्हाचा हिशेब आधी

सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणून साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेडही, त्याला दिसतो. पण इलेक्ट्रॉन सुटा व्हायला उजेडच लागतो असं नाही. उष्णताही तेच काम करते. उजेड नसताना वाहणारा हा प्रवाह म्हणजे डार्क करंट, आणि तो दर १० अंश सेल्सिअसला ढोबळमानाने दुप्पट होतो.

आता आपल्याकडचं हवामान यात घाला. मे महिन्यात भुसावळला दुपारी ४५ अंश, जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास. फरक ३५ अंशांचा, म्हणजे डार्क करंटमध्ये जवळपास ११ पटींचा. तोच सेन्सर, तेच सर्किट, तोच डबा. परदेशातल्या एखाद्या वेबसाइटवरचं सर्किट हुबेहूब बांधूनही आकडे जुळत नाहीत, त्याचं पहिलं कारण हे. डेटाशीटमधले आकडे बहुतेक २५ अंशांचे असतात, आणि आपल्या पत्र्याच्या खोलीत २५ अंश वर्षातून किती दिवस असतात ते तुम्हीच मोजा.

त्यामुळे शिकायची सुरुवात डिसेंबर-जानेवारीत, रात्री करा. हा आळशीपणाचा सल्ला नाही. महागडा कूलिंगचा सेट जे देईल, त्यातलं बरंचसं हिवाळा फुकट देतो.

कोणता सेन्सर घ्यायचा

या कुळात चार भावंडं आहेत. साधा फोटोडायोड: एका फोटॉनला फार तर एक इलेक्ट्रॉन, आतून गुणाकार नाही. अॅव्हलांच फोटोडायोड: बरेचदा १०० ते २०० व्होल्ट लागतात आणि आतल्या आत शंभरेक पट गुणाकार होतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. व्होल्टेज आणि तापमान दोन्ही सांभाळताना मूळ काम बाजूला राहतं. मग एकेक फोटॉन मोजणारा सिंगल फोटॉन अॅव्हलांच डायोड, आणि तशा हजारो बारक्या डायोडांची जाळी असलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर.

पहिला सेन्सर साधा फोटोडायोडच घ्या. बीपीडब्ल्यू ३४ हा स्वस्त, जुना आणि भरवशाचा. क्षेत्रफळ साडेसात चौरस मिलिमीटर, सर्वाधिक प्रतिसाद ९०० नॅनोमीटरजवळ. त्याच्याच नावापुढे 'एफ' अक्षर लावलेला काळ्या रंगाचा प्रकारही मिळतो. तो घेऊ नका. ते काळं प्लास्टिक डोळ्याला दिसणारा उजेड अडवतं आणि फक्त इन्फ्रारेड आत सोडतं. पुढे डब्याबद्दल बोलू तेव्हा हीच गोष्ट पुन्हा कामाला येणार आहे.

किती उजेडाला किती प्रवाह, याचा अंदाज हवा. पौर्णिमेचं चांदणं ०.१ ते ०.३ लक्स. अमावास्येला गावाबाहेर, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात, ०.००१ लक्सच्या आसपास. हिरव्या उजेडाच्या हिशेबाने बीपीडब्ल्यू ३४ मधून पौर्णिमेला साधारण एक नॅनोअँपिअर मिळेल आणि अमावास्येला चारेक पिकोअँपिअर. आता डेटाशीट उघडा: १० व्होल्ट उलटा दाब (रिव्हर्स बायस) दिल्यावर डार्क करंट २ नॅनोअँपिअर, आणि एखाद्या नगात ३० पर्यंत. म्हणजे ताऱ्यांच्या उजेडाच्या ५०० पट खोटा सिग्नल!

उपाय सोपा आहे. उलटा दाब द्यायचाच नाही. शून्य व्होल्टवर डायोड थोडा मंदावतो, पण डार्क करंट जवळजवळ नाहीसा होतो. पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांमध्ये उलटा दाब दाखवलेला असतो, कारण त्या वेगवान सिग्नलसाठी असतात. आपल्याला घाई नाही.

सामान

फोटोडायोडचा प्रवाह व्होल्टेजमध्ये बदलणारं सर्किट म्हणजे ट्रान्सइम्पिडन्स अॅम्प्लिफायर. नाव भारी आहे, पण आत एक ऑप-अँप, एक मोठा रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर एवढंच असतं.

ऑप-अँप कोणता, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. लॅबच्या कपाटात ७४१ आणि एलएम ३५८ पडलेले असतात. ते तिथेच राहू द्या. त्यांच्या इनपुटला स्वतःलाच दहा-वीस ते ऐंशी नॅनोअँपिअर लागतात, आपला सिग्नल पिकोअँपिअरमध्ये. एलएमसी ६६२ घ्या. त्याचा इनपुट प्रवाह २५ अंशांना सुमारे २ फेम्टोअँपिअर, म्हणजे पिकोच्या पाचशेव्या भागाइतका. शिवाय जुन्या आठ पायांच्या आकारात मिळतो, हाताने सोल्डर करता येतो.

फीडबॅकचा रेझिस्टर १०० मेगाओम. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असा नग बहुधा मिळणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवा, नाहीतर १० मेगाओमचे दहा एकापुढे एक जोडा. एक पिकोअँपिअरचे १०० मेगाओमवर १०० मायक्रोव्होल्ट होतात.

रेझिस्टर मोठा का? कारण तो स्वतःही आवाज करतो. रेझिस्टर वाढवला की सिग्नल त्याच पटीत वाढतो, पण त्याचा उष्णताजन्य नॉईज फक्त वर्गमुळाच्या पटीत. १०० मेगाओमला खोलीच्या तापमानात, एक हर्ट्झच्या पट्ट्यात, हा नॉईज सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट, म्हणजे प्रवाहात १३ फेम्टोअँपिअर. ताऱ्यांच्या चार पिकोअँपिअरपुढे हा किरकोळ आहे. १ गिगाओम लावलात तर अजून तिपटीने सुधारेल. पण पहिल्याच फेरीत तिकडे जाऊ नका, तिथे धूळसुद्धा वीज वाहून नेते.

रेझिस्टरला समांतर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर सर्किट डोलायला लागतं. याने बँडविड्थ १६० हर्ट्झच्या आसपास येते.

वाचायला एडीएस १११५ हे व्होल्टेजचा आकडा करून देणारं १६ बिटांचं मॉड्यूल. सर्वांत बारीक रेंजवर त्याची एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्ट, म्हणजे आपल्या सर्किटमध्ये ०.०८ पिकोअँपिअर. ते ज्याला जोडायचं त्या आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची स्वतःची पायरी पाच मिलिव्होल्टची, म्हणजे पन्नास पिकोअँपिअरची. ती इथे बिनकामाची.

वीज बॅटरीची. चार पेन्सिल सेलचे दोन संच, एक ग्राउंडच्या वरचे ६ व्होल्ट आणि एक ग्राउंडच्या खालचे. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडायचा मोह होतो, पण त्या मिळून १८ होतात आणि या ऑप-अँपची मर्यादा साडेपंधरा आहे. मोबाइलचा चार्जर तर लांबच ठेवा.

जोडणी

फोटोडायोडचा कॅथोड ऑप-अँपच्या वजा इनपुटला, अॅनोड ग्राउंडला. अधिक इनपुटही ग्राउंडला. अशा जोडणीत उजेड वाढला की आउटपुट अधिक दिशेने चढतं. आउटपुट आणि एडीएस १११५ यांच्यामध्ये १ किलोओमचा रेझिस्टर टाका. चुकून आउटपुट ६ व्होल्टला चिकटलं तरी मॉड्यूल वाचेल. ऑप-अँपमधला दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नका. त्याचं आउटपुट त्याच्याच वजा इनपुटला जोडा आणि अधिक इनपुट ग्राउंडला द्या.

ब्रेडबोर्ड वापरू नका. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे. ब्रेडबोर्डच्या प्लास्टिकमधून, पट्ट्यांमधून जो गळका प्रवाह वाहतो, तो आपल्या सिग्नलहून सहज मोठा असतो. पर्फ बोर्डावर ऑप-अँप बसवा, पण वजा इनपुटचा पाय बोर्डात घालू नका. तो वर वाकवा, आणि फोटोडायोड, रेझिस्टर, कपॅसिटर यांची टोकं तिथेच हवेत एकमेकांना सोल्डर करा. दिसायला गबाळं दिसतं. पण हवेइतका चांगला इन्सुलेटर या किमतीत दुसरा मिळत नाही.

सोल्डर झालं की फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने, जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर त्या भागाला बोट लावायचं नाही. घामाच्या डागातून पिकोअँपिअर आरामात वाहतात.

आणि कूलर बंद करा. काय भो, उन्हाळ्यात? हो, उन्हाळ्यातच. कूलर खोलीत ओलावा भरतो, तो ओलावा रेझिस्टरच्या अंगावर बसतो आणि १०० मेगाओमचे ऐंशी होतात. शिवाय त्याची मोटर ५० हर्ट्झचं गुणगुणणं सर्किटमध्ये सोडते. हीच गोष्ट पावसाळ्याला लागू: डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

डबा

लोखंडी पत्र्याचा बिस्किटांचा डबा उत्तम. तो उजेडही अडवतो आणि विजेचा हस्तक्षेपही. डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडा. सेन्सर आणि ऑप-अँप आत, आर्डुइनो बाहेर. आर्डुइनो आत ठेवला तर त्याच्यावरचा छोटा एलईडी सगळं काम बिघडवतो, आणि हे शोधायला भल्याभल्यांची रात्र जाते. एडीएस १११५ च्या मॉड्यूलवरही एखादा दिवा आहे का ते पाहा. असेल तर त्यावर सोल्डरिंगची गरम टीप ठेवून तो काढून टाका.

फटी बुजवायला काळी इन्सुलेशन टेप किंवा काळं प्लास्टिक वापरत असाल तर त्या 'एफ' वाल्या डायोडची आठवण ठेवा. आपल्या डोळ्याला काळं दिसणारं बरंच प्लास्टिक इन्फ्रारेड खुशाल आत सोडतं. अॅल्युमिनियम फॉइलचे दोन पदर त्याहून भरवशाचे.

डबा गळतोय का हे तपासताना मोबाइलचा टॉर्च फसवतो, कारण त्या पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतो. टीव्हीचा रिमोट डब्याच्या झाकणाशी धरून दाबा. जुना पिवळा बल्ब असेल तर तो चारी बाजूंनी फिरवा. आणि खरी परीक्षा घ्यायची तर डबा एप्रिलच्या उन्हात अंगणात ठेवा. तिथे लाखभर लक्स आणि भरपूर इन्फ्रारेड मिळतो. फक्त लगेच वाचन घ्या. मिनिटाभरात पत्रा तापला की जी वाढ दिसेल ती उजेडाची की उष्णतेची, हे सांगता येणार नाही.

अंधार मोजणे

इथे घाई करणारा माणूस पुढे प्रत्येक पायरीवर अडतो.

डब्यात फोटोडायोडच्या शेजारी डीएस १८बी२० तापमान सेन्सर चिकटवा. झाकण लावा, फटी बुजवा आणि पूर्ण रात्र वाचनं घेऊ द्या: दर सेकंदाला व्होल्टेज आणि तापमान. एडीएस १११५ सर्वांत संथ वेगावर, सेकंदाला ८ वाचनांवर ठेवा. एक वाचन १२५ मिलिसेकंदांचं होतं, त्यात ५० हर्ट्झची सव्वासहा आवर्तनं बसतात. वरची पाव आवर्तनाची शेपटी सरासरीत विरते.

सकाळी दोन आलेख काढा. पहिला वेळेप्रमाणे, दुसरा तापमानाप्रमाणे. पहिल्यात रेघ हळूहळू सरकताना दिसेल. दुसऱ्यात तीच रेघ तापमानाच्या मागे जाताना दिसली, तर सर्किट निरोगी आहे. तापमान स्थिर असूनही उड्या दिसल्या, तर कुठेतरी फ्लक्स राहिलाय, सोल्डर कच्चा आहे किंवा वायर हलतेय. शून्य नेमकं शून्यावर येणार नाही, ऑप-अँपचा ऑफसेट दोन-तीन मिलिव्होल्ट असू शकतो. प्रवाहाच्या भाषेत ते वीस-तीस पिकोअँपिअर होतात, पण ते जागच्या जागी राहतात, त्यामुळे वजा करता येतात. जे सरकतं ते त्रासदायक, जे स्थिर आहे ते नाही.

एकदा हा आलेख हातात आला की तुमच्या सेन्सरची मर्यादा तुम्हाला डेटाशीटपेक्षा जास्त कळलेली असते. दहा सेकंदांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती हलतात ते पाहा. त्याच्या तिपटीहून लहान सिग्नल दिसला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पुढच्या सगळ्या मोजमापांत एकच क्रम ठेवा: अंधार, उजेड, अंधार. दोन अंधारांची सरासरी मधल्या उजेडातून वजा करा. तापमान सरकत असलं तरी त्याचा बराचसा परिणाम यात कापला जातो.

ओळखीचा मंद उजेड

आता सर्किट खरं सांगतं का हे बघायचं. एक हिरवा एलईडी, त्याला १ मेगाओमचा रेझिस्टर, समोर फॉइलला सुईने पाडलेलं भोक. काळ्या कागदाच्या लांब नळीत तो एलईडी सेन्सरपासून २०, ४० आणि ८० सेंटिमीटरवर ठेवा. अंतर दुप्पट केलं की वाचन एक चतुर्थांश व्हायला हवं. ८० ला अपेक्षेपेक्षा जास्त आलं, तर नळीच्या आतल्या भिंतीवरून परावर्तन होतंय. तिन्ही ठिकाणी सारखंच जास्त आलं, तर अंधार नीट वजा झालेला नाही.

केळीचं पान

आपल्या भागात प्रयोगाला विषय शोधायची गरज नाही. रावेर-यावलच्या बागेतून केळीच्या पानाचा ताजा तुकडा आणा.

हिरव्या पानाने शोषलेल्या उजेडातला एक-दोन टक्के भाग ते लाल आणि इन्फ्रारेड उजेडाच्या रूपात परत सोडतं: ६८५ नॅनोमीटरजवळ आणि ७४० च्या आसपास. पान वीस-तीस मिनिटं अंधारात ठेवा, मग त्यावर निळा एलईडी लावा आणि सेन्सरसमोर गडद लाल फिल्टर धरा. वाचन झटकन वर जातं आणि मग काही मिनिटांत हळूहळू खाली उतरतं. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा जागी होऊन उजेड वापरायला लागते, म्हणून परत फेकायला कमी उरतो. हे कौट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवलं. या प्रयोगाला १०० मेगाओम जास्त होतील, १ मेगाओम लावा. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाचं पान आणि भरल्या पाण्यातलं पान यांचे आलेख शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

खरा कस लागतो तो पुढे. एलईडी विझवल्यावरही पान काही काळ अत्यंत मंद लाल उजेड सोडत राहतं आणि तो क्षणाक्षणाला घटत जातो. स्ट्रेलर आणि अर्नोल्ड यांनी १९५१ मध्ये हे शोधलं. इथे परत १०० मेगाओम किंवा त्याहून मोठा रेझिस्टर लागेल. निळा एलईडी चालू असताना सेन्सरवर पत्र्याची झडप ठेवा, एलईडी बंद करून झडप उघडा. तुलनेसाठी उकळत्या पाण्यात बुडवून काढलेलं पानही मोजा. त्यातूनही अशी घटत जाणाऱ्या उजेडाची शेपटी मिळाली, तर ती पानाची नसून फिल्टरची किंवा डब्यातल्या कागदाची आहे. पांढरा कागद आणि काही प्लास्टिकही उजेड पिऊन नंतर चमकतात.

मग सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर

एवढं झाल्यावरच याला हात घाला. तीन मिलिमीटर चौरसाच्या तुकड्यात हजारो सूक्ष्म डायोड, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर. प्रत्येक डायोड उंदराच्या सापळ्यासारखा: एक फोटॉन शिरला की खटकन पडतो, उंदीर लहान की मोठा हे सांगत नाही, आणि पुन्हा ताणल्याशिवाय दुसरा पकडत नाही. किती सापळे पडले ते मोजून उजेड कळतो. एका फोटॉनमागे लाखो इलेक्ट्रॉन मिळतात, त्यामुळे आधीचं पिकोअँपिअरचं दुखणं संपतं. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात भारतीय संस्थांनी बांधलेला बाहेरचा हॅड्रॉन कॅलोरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा थर) आहे. २०१३-१४ च्या बंद काळात त्यातही जुने डिटेक्टर काढून हेच बसवले गेले.

मग सुरुवात यानेच का नाही? कारण सापळे उष्णतेनेही पडतात. खोलीच्या तापमानाला दर चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला काही दहा हजार खोटे ठोके. तीन बाय तीनच्या तुकड्यात ते काही लाखांवर जातात. शिवाय एक सापळा पडताना स्वतःच फोटॉन सोडतो आणि शेजारचा पाडतो. क्षेत्रफळाच्या मानाने जुनी काचेची फोटोमल्टिप्लायर नळी आजही कितीतरी शांत आहे.

व्होल्टेज नगाप्रमाणे बदलतं. काहींचा ब्रेकडाउन, म्हणजे ज्या व्होल्टेजच्या वर सापळे ताणले जातात ती रेषा, २४.५ व्होल्टला, काहींचा ५३ च्या आसपास. पहिल्या प्रकारात वर अडीच व्होल्ट द्या. पण ब्रेकडाउनची ही रेषा दर अंशाला साडेएकवीस मिलिव्होल्ट सरकते. सकाळी ८ आणि दुपारी २ यांत खोली २० अंशांनी तापली, तर अडीचमधले जवळपास ०.४३ व्होल्ट गेले आणि गेन (आतला गुणाकार) सतराएक टक्के उतरला. म्हणून तापमान बघून व्होल्टेज बदलणारं सर्किट लावा, किंवा निदान थर्माकोलच्या खोक्यात सगळं ठेवून तापमान स्थिर करा. पेल्टिअरने (विजेवर थंड होणाऱ्या चकतीने) थंड करणार असाल तर डबा हवाबंद आणि आत सिलिका जेल हवंच. दव पडलं की सेन्सरपेक्षा आधी सर्किट जातं. वीजपुरवठ्याच्या ओळीत १० किलोओमचा रेझिस्टर ठेवा, चुकून झाकण उघडलं तरी प्रवाह आवरेल.

पहिला प्रयोग म्यूऑनचा, म्हणजे वातावरणातून सतत खाली येणाऱ्या कणांचा करा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो, आणि जळगाव दोनेकशे मीटर उंचीवर असल्याने आकडा फारसा बदलत नाही. ५ बाय ५ सेंटिमीटरच्या प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की क्षणभर चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) तुकड्यातून मिनिटाला पंचवीसेक जातील. एका म्यूऑनमागे एकदम बरेच फोटॉन येतात. म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका मोजायची किमान उंची, अनेक फोटॉनांच्या उंचीवर नेला की उष्णतेचे एकेकटे ठोके खाली राहतात.

दोन सिंटिलेटर एकावर एक, थोडं अंतर ठेवून लावा आणि दोन्हींत एकाच वेळी आलेले ठोकेच मोजा. मग ती जोडी उभ्या रेषेपासून ६० अंश कलवा: मोजणी साधारण एक चतुर्थांशावर यायला हवी. मिनिटाला पाचच जोडठोके मिळत असतील तर ४०० ठोक्यांना ८० मिनिटं लागतील, आणि तेव्हा कुठे चूक ५ टक्क्यांवर येईल. १ टक्का हवा असेल तर दहा हजार ठोके, म्हणजे सलग तेहतीस तास. लॅपटॉप त्यासाठी अडकवू नका. आर्डुइनोला एसडी कार्ड आणि पॉवर बँक जोडा, आणि प्रत्येक ओळीत ठोक्यांच्या शेजारी तापमानाचा रकाना ठेवा.